तक्रार तुमचा ब्रुनोच करतोय

समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या शेजाऱ्यांना,

शनिवारी रात्री पावणेदोनला ब्रुनोचा आवाज बसला. संध्याकाळी सातपासून तो भुंकत होता. शेवटी घशातून नुसती खरखर येत होती आणि साखळी ग्रिलवर आपटत होती. माझी आई पायाचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहे. तिने विचारलं, "त्याला पाणी तरी ठेवलंय का गं?" मी टॉर्च मारून पाहिलं. भांडं पालथं पडलं होतं. तुमच्या घरात अंधार होता, दर शनिवारी असतो तसाच.

सोसायटीच्या ग्रुपवर तुम्ही ठणकावलंत, "कुत्रा भुंकणारच, कायदा आमच्या बाजूने आहे." अर्धाच कायदा सांगितलात. कुत्रा पाळायला सोसायटी बंदी घालू शकत नाही, हे खरं आहे आणि योग्यही आहे. पण रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, आणि शेजाऱ्यांना त्रास देणारा सततचा उपद्रव थांबवण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात.

मला मात्र त्याहून महत्त्वाचं वाटतं ते 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम 11. कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलं नाही, तर ती क्रूरता आहे, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. त्याला तासन् तास आखूड साखळीला बांधणं हीसुद्धा. पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर 10 ते 50 रुपये! ब्रुनोच्या वाढदिवसाला टोपी घालून त्याचा फोटो टाकलात, त्या केकचा एक तुकडाही एवढ्यात येणार नाही. या रकमेची आपल्या सगळ्यांनाच लाज वाटायला हवी.

चौकीवर मला "आपसात मिटवा" म्हणाले. महापालिकेत सांगितलं, "आम्ही भटकी कुत्री बघतो." ब्रुनोला घर आहे, म्हणून त्याला वाली नाही.

तेव्हा आपसातच सांगते. जाताना किल्ली माझ्याकडे द्या. सकाळ-संध्याकाळ मी त्याला खाली नेईन, पाणी भरीन. मला पैसे नकोत. येत्या शनिवारी तो पुन्हा ग्रिलला बांधलेला दिसला, तर सोमवारी अर्ज देणार आहे. पालथ्या भांड्याचा फोटो त्याला जोडलेला असेल.

तुमची शेजारीण