दोन डावखुरे

"गुरुजी, आयकलं का? आमचा पोट्टा क्रिकेट सोडून बेसबॉलच्या मागं लागला. शाळेच्या टीममंदी घेतलं म्हणते."

"लागू द्या ना वहिनी. टाकते का मारते?"

"टाकते. तिघांना स्ट्राइकआउट केलं म्हणून काल घर डोक्यावर घेतलं. मी म्हटलं, हे काय असते बाप्पा?"

"तीन स्ट्राइक झाल्या का मारणारा बाद. बॅट फिरवून हुकला तरी स्ट्राइक, अन् नीट आलेला चेंडू नुसता पाहत रायला तरी स्ट्राइक. यात अमेरिकेत एक वस्ताद होता, रूब वॅडेल. डावखुरा. १९०२ ते १९०७, लागोपाठ सहा वर्षं अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त गडी त्यानंच असे घरी पाठवले. १९०४ च्या एका मोसमात ३४९! १९६५ पर्यंत तो आकडा कोणाले ओलांडता आला नाही. पण डोकं फिरेल. रस्त्यानं आगीचा बंब गेला का खेळ सोडून मागं पळे म्हणतात."

"म्हणजे आमचाच पोट्टा. परवा डीजे वाजला तं ताट टाकून पळाला."

सुपातले खडे वेचता वेचता वहिनी हसल्या. गुरुजी मात्र आता रंगात आले होते. कुंपणाच्या तारेवर दोन्ही कोपरं टेकवली.

"आपल्याकडं त्याच वयाचा एक डावखुरा होता. पळवणकर बाळू. चांभाराचा पोर. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी लाटायचा, जाळी बांधायचा. ग्रेग नावाचा साहेब सरावाले येई, त्याले हा तासन् तास चेंडू टाके. आउट केलं का साहेब आठ आणे देई, असंही सांगतात."

"मंग चांगला होता की साहेब."

"साहेबाचं सोडा, आपलेच लोक पाहा. हिंदू संघात घेतलं, कारण जिंकायचं होतं. पण चहाच्या वेळी बाकीचे आत कपबशीत, अन् हा बाहेर, मातीच्या भांड्यात."

"चेंडू तं त्याच्याच हातचा पकडत होते ना?"

"तेच तं! १९०६ मध्ये मुंबईत गोऱ्यांना १०९ धावांनी हरवलं, त्यात हा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या कप्तानीखाली टीम विलायतेले गेली. बहुतेक सामने हरली, पण यानं दौऱ्यात ११४ विकेट काढल्या."

"अन् मंग कप्तान केलं असंन?"

"कायचं कप्तान! हिंदू संघाची कप्तानी त्याले रीतसर कधीच दिली नाही. घरात आली ती १९२३ मध्ये, धाकट्या भावाले, विठ्ठलले. तोवर बाळूचं खेळायचं वय निघून गेलं होतं."