गुरुजी, क्लच सोडा

पेडगावात मास्तर निवृत्त झाला की गाव त्याला दोन प्रश्न विचारतं. फंडाचं काय केलं आणि शेताचं काय करणार? मी दोन्हींना मिळून एकच उत्तर दिलं. जुना ट्रॅक्टर घेतला.

आमचं शेत पाच एकर. 2015-16 च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या खातेदाराची सरासरी जमीन 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांपेक्षा थोडीच जास्त भरली होती. त्या मानानं मी जमीनदारच म्हणायचा. तरी पाच एकरांना स्वतःचा पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, हे कुठल्याच इयत्तेच्या गणितात बसत नाही. मी गणितच शिकवत होतो, म्हणून खात्रीनं सांगतो.

पण वाफसा कुठं गणितात बसतो? आमची माती काळी, भारी. पाऊस पडला की चपलेला किलोकिलोनं चिकटते आणि वाळली की कुदळ परत पाठवते. या दोन तऱ्हांच्या मध्ये थोडे दिवस ती माणसात असते, तो वाफसा. आणि वाफसा अख्ख्या शिवाराला एकदमच होतो. त्या दिवशी भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला फोन केला की तो "निघालोच" म्हणतो. कुठून निघाला आणि कुणाकडे निघाला, हे तो सांगत नाही. अशा एका मृगात पेरणी मागे पडल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, एवढी विनवणी देवाला केली असती तर पाऊससुद्धा वेळेवर आला असता." ट्रॅक्टर घेण्यामागचं तांत्रिक कारण एवढंच.

ट्रॅक्टर रीतसर शिकायचा तर मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनीला केंद्र सरकारची संस्था आहे, 1955 पासूनची. देशातल्या ट्रॅक्टरांची परीक्षाही तिथं होते. जवळ म्हणाल तर परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. पण मला शिकवायला आला तो माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. सरळव्याजाशी त्याचं कधी जमलं नव्हतं. आता दोन ट्रॅक्टरांचे हप्ते फेडून तो तिसऱ्यावर आलाय आणि व्याजाबद्दल मलाच चार गोष्टी ऐकवू शकतो.

"गुरुजी, क्लच सोडा," तो म्हणाला. मी सोडला. ट्रॅक्टरनं समोरची चाकं उचलल्यासारखी केली आणि बंद पडला. "सोडा म्हणलं, फेका नाई म्हणलं. हळू सोडायचं. पोराच्या हातून खडू घेऊ लाले का काय?"

उदाहरण द्यायची ही पद्धत माझीच आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मोटार चालवणाऱ्याला वाटतं, ट्रॅक्टर म्हणजे उंच बसून चालवायची मोटार. इथं गिअरचे दांडे दोन. एक नेहमीचा, दुसरा हाय-लोचा. अॅक्सिलेटर पायाला आहे तसा हातालाही आहे, कारण नांगरताना इंजिनाचा वेग एकसारखा लागतो आणि माणसाचा पाय एकसारखा राहत नाही. ब्रेक दोन, उजव्या चाकाचा वेगळा आणि डाव्याचा वेगळा. धुऱ्याला पोचलं की लिफ्ट उचलायची, स्टेअरिंग फिरवायचं आणि ज्या बाजूला वळायचंय तेवढाच ब्रेक दाबायचा. मग हे धूड जागच्या जागी वळतं. रस्त्यावर मात्र दोन्ही पॅडल कडीनं जोडायचीच. घाईत एकच दाबला तर ट्रॅक्टर ट्रॉलीसकट नालीत जायला वेळ लागत नाही. आमचा एक तुकडा इतका अरुंद, की त्यात नांगरणी कमी आणि वळणीच जास्त होते. शिवाय वळताना फाळ शेजाऱ्याच्या धुऱ्यात वीतभर गेला तर ती वीत दोन पिढ्या कोर्टात नांदते. म्हणून धुऱ्यावर पहारा असतो.

पहारा म्हणजे गावच. गुरुजी ट्रॅक्टर शिकू लाले, ही बातमी स्टेशनापर्यंत गेली. पॅसेंजरला अवकाश असलेली माणसंही "जरा बघून येऊ" म्हणून शेतात येऊ लागली. त्यातल्या प्रत्येकाला ट्रॅक्टरचा एकेक अवयव ठाऊक होता आणि बाकीचा ट्रॅक्टर त्याला मान्य नव्हता. एकाचा सगळा जीव टॉपलिंकमध्ये. नांगर खोल जात नाही? टॉपलिंक आटा. फार खोल जातो? सैल करा. ट्रॅक्टर चालूच होत नाही असं सांगितलं, तेव्हाही त्याची नजर टॉपलिंककडेच गेली. दुसरे एक आबा फक्त चाकांत पाणी भरण्यावर बोलायचे. टायरात पाणी भरलं की वजन वाढतं आणि चाक घसरत नाही, हे खरंच आहे. पण आबांना ते सांगायला दुपार लागायची. तिसरे सगळ्याच ट्रॅक्टरांच्या विरोधात. रोट्यानं, म्हणजे रोटाव्हेटरनं, जमिनीचं पीठ होतं आणि खाली थर घट्ट बसतो, असं त्यांचं म्हणणं. रोटा मारत राहिलं तर ते खोटंही नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडानं जमिनीत विष भिनतं म्हणून पहिलं गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षं गेली होती. ते गिऱ्हाईक आमच्या धुऱ्यावरून जाणारं नसणार, नाहीतर अजून वर्षभर लागलं असतं.

टॉपलिंकवाल्याची भक्ती मात्र अस्थानी नव्हती. पूर्वी नांगर ट्रॅक्टरच्या मागं नुसता ओढला जाई. फाळ दगडाला अडकला की मागची चाकं फिरत राहायची, तोंड वर उठायचं आणि अख्खं यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर उलटायचं. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी नांगर ट्रॅक्टरलाच जोडला. आता नांगर अडकला की वरची दांडी, म्हणजेच टॉपलिंक, ट्रॅक्टरचं तोंड खाली दाबते. या फर्ग्युसननं 1909 मध्ये स्वतः बनवलेलं विमान आयर्लंडात उडवलं होतं. पुढं जन्मभर ट्रॅक्टरचं तोंड जमिनीवर ठेवण्यात त्यानं अक्कल खर्ची घातली.

पहिल्या संध्याकाळी चावी फिरवली, काढली, खिशात घातली आणि घराकडे निघालो. मागं ट्रॅक्टर धडधडतोच आहे. चावी पुन्हा लावून पुन्हा काढली. काही फरक नाही. धुऱ्यावर पूर्ण शांतता. इतक्या माणसांनी एकदम तोंड मिटलेलं मी शाळेतही पाहिलं नव्हतं. शेवटी माझ्या मास्तरानं एक दांडी ओढली. "स्टॉपर हाय हे. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाई, गुरुजी. आत हवाच एवढी दाबून तापवतंय की डिझेल पडलं की पेटतं. डिझेल बंद, तवा इंजिन बंद. चावी कायची? ती आपली समाधानाला."

आमच्याकडे म्हणतात, जगात जर्मनी आणि भारतात परभणी. हे नक्की कशावरून म्हणतात यावर गावागणिक वाद आहे. मला त्याचा अर्थ ट्रॅक्टरनं हवा घेतली त्या दिवशी लागला. टाकीचा काटा मागच्या मालकाच्या काळातच वारला होता. डिझेल काडी घालून मोजायचं. एका दुपारी काडी कोरडी निघाली. डबकीभर डिझेल ओतलं, सेल्फ मारला, पण इंजिन नुसतं खोकलं. मेस्त्रीला बोलावलं. त्यानं फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला आणि हातपंप दाबत बसला. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग स्वच्छ धार. स्क्रू आवळला. पुढं नोझलच्या नळ्यांचे नट ढिले करून सेल्फ मारला. तिथनंही हवा फुसफुसत निघून गेली.

"मायकोत हवा बसली की गाडीला काय बी सुचत नाई," तो म्हणाला. मायको म्हणजे डिझेलचा पंप. हा पंप जर्मनीच्या बॉशचा आणि मायको ही त्यांची 1951 मध्ये बंगळुरात निघालेली कंपनी. इंजिन आउग्सबुर्गला 1897 मध्ये चालवून दाखवलं ते रुडॉल्फ डिझेलनं. म्हणजे पिस्टनपासून पंपापर्यंत डोकं सगळं जर्मनीचं, आणि ते बंद पडलं की चालू करायचं परभणीनं. म्हण पूर्ण झाली.

चालवायला शिकवणारे शेकड्यानं मिळाले, सांभाळायला शिकवणारं कुणी नाही. ग्रीसगन घेऊन ट्रॅक्टरखाली निजलेल्या माणसाकडे बघायला कुणी थांबत नाही. एअर क्लीनरच्या वाटीतलं तेल धुळीनं शिऱ्यासारखं झालंय की नाही, सोयाबीनच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत भुसा बसलाय का, बॅटरीत पाणी आहे का, याच्यावर धुऱ्यावर चर्चा होत नाही. ही खाती घरात गेली. माहितीपुस्तिका सौभाग्यवतींनी वाचली आणि विचारलं, "यात ऑइल अडीचशे तासांनी बदला म्हणलंय. आपला मीटर कामून हालत नाही?" मीटर मागच्या मालकानं अशा आकड्यावर थांबवला होता, की ट्रॅक्टर अजून कुमारवयात वाटावा. तेव्हापासून एका शंभरपानी वहीत कधी सुरू केला, कधी बंद केला, याची नोंद होते. ट्रॅक्टरची हजेरी चोख आहे. माझ्या वर्गाची एवढी नव्हती.

एका गोष्टीत मात्र माझ्या मास्तरानं थट्टा केली नाही. मागची अवजारं फिरवणारा पीटीओचा दांडा मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्याच्या आसपास धोतर, उपरणं, पदर काही फिरकू द्यायचं नाही आणि चालू असताना ओलांडायचं तर नाहीच. हे सांगताना तो मला गुरुजी म्हणाला नाही. "ओ, इकडं बघा," म्हणाला. मी बघितलं.

यंदा मृगाचा पाऊस बरा झाला आणि वाफसा आला. सकाळी अंगणात टॉपलिंकवाले, चाकात पाणीवाले आबा, जमिनीचं पीठ होतं म्हणणारे, सगळे हजर. प्रत्येकाचं एकच म्हणणं, आधी माझ्याकडं. भाड्याची गोष्ट काढली तर आबा दुखावले. "गुरुजी, तुम्हाला शिकवलं कुणी? गुरूकडून पैसे घेता?"

मी शेवटच्या बाकावरच्याकडे बघितलं. तो दाढी खाजवत म्हणाला, "माझं बी एकराचं हाय, गुरुजी. माझे तिन्ही भाड्यावर गेलेत."

नांगराला तासाला चार-पाच लिटर डिझेल लागतं. सौभाग्यवती वही घेऊन ओट्यावर आल्या, एक कोरं पान उघडलं आणि त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात लिहू लागल्या, "गुरुदक्षिणा. डिझेल ज्याचं त्यानं आणायचं."