वाईला जातोच आहेस तर

पुण्याला 'पेन्शनरांचं गाव' म्हणणारी माणसं अजून भेटतात. पेन्शन सुरू झाल्यापासून ती घराबाहेर पडलेली नसावीत. स्वारगेटच्या चौकात पाच मिनिटं उभं राहिलं की माणूस निवृत्तीची पायरी गाळून थेट दिवंगत होण्याच्या बेतात येतो. म्हणून मी अधूनमधून शांततेच्या शोधात वाईला जातो. कृष्णेच्या घाटावर बसावं, चिंतन करावं, जमलं तर एखादा ललित लेख लिहावा, असा बेत असतो. लेख अजून एकही झालेला नाही. चिंतन मात्र दर वेळी होतं आणि कधीकधी घोरण्याने मलाच जाग येते.

या खेपेला बेत आत्याच्या कानावर गेला.

"वाईला जातोच आहेस तर एवढं भाऊजींना देऊन ये," ती म्हणाली.

मला वाटलं, मेतकूट असेल. आत्याने माळ्यावरून कमोडची खुर्ची काढायला लावली. स्टीलचे पाय, काळी बैठक, मधोमध झाकण आणि खाली निळं प्लॅस्टिकचं भांडं.

"वाईत मिळत नाही का ही?"

"मिळते की. पण घरात असताना विकत कशाला घ्यायची? सासूबाईंनी एकच महिना वापरली. नव्यासारखी आहे. आणि घडीची आहे हो!"

घडीची होती, पण तिची शेवटची घडी कारखान्यात पडली होती. नंतर बिजागऱ्यांनी संन्यास घेतला होता.

रिक्षावाल्याने खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता मीटर टाकला. हे पुण्यात घडलं, याची नोंद असावी.

एसटीत मला जागा मिळाली, खुर्ची मधल्या वाटेत उभी राहिली. कंडक्टर आला. त्याने झाकण उघडून पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "लगेज लागेल. खुर्ची म्हणून फाडू की भांडं म्हणून?"

"आजारी माणसाची आहे हो," मी म्हणालो.

सगळ्या बसने त्या आजारी माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिलं. शेजारचे गृहस्थ खिडकीकडे सरकले. मागून एक बाई हळहळल्या, "वय काही फार दिसत नाही."

मी खुलासा करणार, एवढ्यात उपचार सुरू झाले. शेजाऱ्यांनी इसबगोल सांगितला, तोही रात्री कोमट दुधातून. पुढच्या बाकावरून त्रिफळा चूर्ण आलं. त्याला मागच्या बाकाने हरकत घेतली, कारण एरंडेलाला पर्याय नाही. एक तरुण म्हणाला, "सर, रोज सकाळी मलासन करा." दुखणं माझं नाही, असं मी सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी समजूतदारपणे माना हलवल्या. लाजणारा रोगी लवकर बरा होत नाही, असं कुणीतरी म्हणालं. मी लेखक आहे, असंही मी सांगून पाहिलं. "बैठं काम," शेजारी म्हणाले, "तिथूनच सुरू होतं सगळं."

खेड शिवापूरला एक आजी चढल्या. बस भरलेली. त्या सरळ खुर्चीवर बसल्या आणि पदराने वारा घेऊ लागल्या. सांगावं की सांगू नये, या विचारात शिरवळ आलं. नीरा ओलांडली की पुणे जिल्हा संपून सातारा जिल्हा लागतो. इलाज संपले नव्हते, पण आजींच्या रूपाने निदान झाकण तरी बंद होतं.

खंबाटकी घाट सुरू झाला आणि पहिल्याच वळणावर खुर्चीखालचं भांडं निसटलं. चढ असल्यामुळे ते गडगडत शेवटच्या रांगेपर्यंत गेलं. तिथल्या मुलांनी ते पुढे सरकवलं. पुढच्या वळणाने ते परत मागे नेलं. "नवीन आहे हो, नवीन आहे!" मी ओरडत होतो. आत्याने सांगितलेला तो एक महिना मी खासगी ठेवला. एव्हाना पाय वर घेऊन बसलेले प्रवासी ते नेमकं कसलं भांडं आहे, हे एकमेकांना समजावत होते. माथा ओलांडून उतार लागला, तसं भांडं भरधाव ड्रायव्हरकडे निघालं. कंडक्टरने ते पायाने अडवलं, उचललं आणि दोन बोटांत धरून माझ्या मांडीवर आणून ठेवलं. पुढचा प्रवास मी ते छातीशी धरून केला.

आजी खाली वाकून खुर्ची निरखत होत्या. मग नीट टेकून बसत म्हणाल्या, "बसायलाच केलीय ना?" आणि सुरूर फाटा येईपर्यंत हलल्या नाहीत.

वाईत खुर्ची डोक्यावर घेऊन मधल्या आळीकडे निघालो. कुणी हसलं नाही. वाटेत हॉर्नही वाजला नाही. ओट्यावरच्या एका गृहस्थांनी खुर्ची पाहिली आणि मी काही विचारण्याआधी हात करून सांगितलं, "डावीकडे तिसरं दार." खुब्याचं हाड कुणाचं मोडलंय, हे आळीला ठाऊक होतं.

आत्याचे भाऊजी, म्हणजे काका, पलंगावर होते. वाईत बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश उभा केला. 1976 साली पहिला खंड आला आणि पुढे वीस खंड झाले. काकांची उमेदीची वर्षं त्या कामाची मुद्रितं तपासण्यात गेली. आता त्यांना अंगण ओलांडून परसातल्या संडासापर्यंत जाता येत नव्हतं. मुलगा आणि सून दोघं मिळून नेत. रात्री नेत, पावसातही नेत. खुर्ची पलंगाशेजारी ठेवली, तेव्हा काकांनी तिच्या दांड्यावरून हात फिरवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग सुनेला म्हणाले, "आता रात्री तुला उठवायला नको."

ती "काहीतरीच तुमचं" म्हणत आत गेली. चहा यायला बराच उशीर झाला.

मी भांडं मांडीवर घेऊनच बसलो होतो. ते खाली ठेवायचं मला सुचलं नव्हतं. काकांनीच विषय बदलला. "दिवाळी अंकातला तुमचा लेख वाचला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय."

"आणि बाकीचा?"

"बाकी शुद्धलेखन ठीक आहे."

दुपारी ढोल्या गणपती पाहिला. गणपतराव रास्त्यांनी 1762 साली हे देऊळ बांधलं. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून मागची बाजू माशाच्या आकाराची केली आहे. घाटावर चिंतन झालं, उठलो तेव्हा मान अवघडली होती. मग मेणवलीला गेलो. नाना फडणवीसांचा वाडा, चंद्रकोरी घाट आणि तिथली प्रसिद्ध घंटा. 1739 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा चर्चमधून उतरवलेल्या घंटांपैकी ही एक. लोक तिचा ओतीव बांधा पाहतात. मी वजनाचा अंदाज घेत राहिलो. वसईहून इतक्या लांब ही आणली कुणी? त्यालाही कुणीतरी म्हणालं असणार, "देशावर जातोच आहेस तर..."

वाईला जरूर जा. स्वारगेटहून बसने साधारण अडीच तास लागतात, घाट दुपारी रिकामा असतो आणि डुलकीला कुणी हरकत घेत नाही. सोबत कमोडची खुर्ची असेल, तर भांडं वेगळ्या पिशवीत घ्या.