बोरा साहेब, एक दाखला द्याल का?

प्रति,
मा. बोरा साहेब,
मु. वेलेबिट डोंगर, एड्रियाटिक किनारा.

विषय : आमचे बुडालेले स्प्लिट आणि एक दाखला मिळणेबाबत.

स. न. वि. वि.

पाकिटावरचं नाव वाचून आमच्या कारकुनाने विचारलं, "हे मार्केट यार्डातले बोराशेठ का?" म्हटलं, नाही रे बाबा, हा वारा आहे. इटलीत बोरा, क्रोएशियात बुरा. तो म्हणाला, "मग तिकडचंच नाव बरोबर आहे."

माझं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. ब्रॅकेट आणि बुश करतो, टेम्पो भरतो, चाकणला पाठवतो. दिवाळीत आठ दिवस शटर खाली होतं, तेव्हा जावयाने हट्टाने त्रिएस्तेहून निघणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलं. मॉन्टेनेग्रो शेंगेनच्या बाहेर, तिथे उतरून परत आत यायचं तर व्हिसा मल्टिपल एंट्रीचाच लागतो, म्हणून त्याचीही धावपळ केली. सौ.ने फराळाचे डबे बॅगेत असे बसवले, की माझ्या पॅकिंगवाल्या पोरांना दाखवावेत.

त्रिएस्तेत तुमची ओळख झाली. तिथे म्हणे पूर्वी तुमच्या धाकाने रस्त्याकडेला दोर बांधून ठेवायचे, लोकांना धरून चालायला. मला वाटलं, गाइड पर्यटकांना बनवतोय. कोपऱ्यावर वळलो आणि माझी टोपी सरळ इटालियन झाली.

दुसऱ्या दिवशी क्रोएशियातलं स्प्लिट बंदर होतं. सकाळी सात वाजता स्पीकर वाजला : हवामानामुळे बंदरात जाता येत नाही, आज दिवस समुद्रावरच. बाहेर बघतो तर आभाळ लख्ख, ढगाचा ठिपका नाही. आमच्याकडे हवामान खराब म्हणजे काळं आभाळ आणि गुडघाभर पाणी. उन्हात खराब हवामान मी पहिल्यांदा पाहिलं. मग बोटीवरच्या एका क्रोएशियन वेटरने टेबल पुसता पुसता तुमची कुंडली मांडली. डोंगरापलीकडे थंड, जड हवा साचत जाते आणि खिंड सापडली की पवना धरणाचा दरवाजा उघडावा तशी समुद्रावर कोसळते. तुमचे झोत ताशी २०० किलोमीटरच्याही वर गेलेले आहेत. बोट म्हणजे बारा मजली इमारत, तिची अख्खी बाजू म्हणजे शीड. ती धक्क्याला लावणार कोण? संध्याकाळपर्यंत जिन्याच्या कठड्याला ठिकठिकाणी कागदी पिशव्या अडकवलेल्या दिसल्या. सौ. म्हणाली, "बघ, किती सोय! प्रसादाच्या पुड्या ठेवल्यात." त्या पिशव्या कशासाठी होत्या ते तिला तासाभरात कळलं.

डुब्रोव्हनिकला मात्र आम्ही उतरलो. छातीवर १४ नंबरचं स्टिकर, पुढे तोच नंबर काठीवर नाचवत गाइड. आमच्याकडे तपासलेल्या मालाच्या क्रेटला टॅग लावतात, अगदी तसं. १९४० मीटर लांबीच्या तटबंदीवरून आमची बॅच फिरवून आणली. वरच्या डोंगरावर नेणारी केबल कार तुमच्या कृपेने बंदच होती.

मॉन्टेनेग्रोतल्या कोटोरला तुम्ही नव्हता, तुमचे दक्षिणेकडचे भाऊबंद जुगो आले. उबदार, दमट, दिवसचे दिवस चालणारे. कोटोरच्या आखातात शिरायची फट जेमतेम साडेतीनशे मीटरची. कॅप्टन शिरला नाही. मल्टिपल एंट्रीचा व्हिसा सिंगलच राहिला. जावयाने कोटोरमध्ये टॅक्सीचा आगाऊ सौदा केला होता, तो पैसा गेला. बोटीवरून काढलेल्या सहलींचे पैसे तेवढे परत आले. बंदरशुल्काचे थोडे युरो खात्यात जमा केले, तेही बोटीवरच उडवायचे.

कॅप्टनशी माझं भांडण नाही. १७ जुलै १९४७ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. आमची आजी अलिबागकडची. पावसाळ्यात कोणी लाँचने जायचं म्हटलं, की ती त्याचं नारळी पौर्णिमेपर्यंत नावच घ्यायची नाही. जाऊ नये तेव्हा न जाणारा माणूस मला पटतो.

माझं दुखणं वेगळं आहे. स्प्लिट चुकलं त्या दिवशी मी तिकिटामागचा बारीक मजकूर चष्मा लावून वाचला. कॅप्टन हवामानामुळे कुठलंही बंदर कधीही गाळू शकतो, भरपाई मागायची नाही. सहापैकी दोन बंदरं गाळली आणि शेवटच्या रात्री सगळ्यांनी उभं राहून कॅप्टनसाठी टाळ्या वाजवल्या! माझ्या धंद्यात सहापैकी दोन लॉट पोचले नाहीत तर टाळ्या वाजत नाहीत, फोन वाजतो. जुलैत पाऊस धोधो, तळेगाव चौकात माझा टेम्पो तीन तास उभा, आत ड्रायव्हर आणि ४०० ब्रॅकेट. पलीकडे चाकणच्या कंपनीची लाइन थांबली. मी म्हटलं, "साहेब, पाऊस." साहेब म्हणाले, "पाऊस दरवर्षीच असतो, तुम्ही प्लॅनिंग काय केलं?" वर डेबिट नोट, आणि 'असं का झालं' हे पाच वेळा विचारणारा फॉर्म. पाचव्या 'का'ला मी 'इंद्रदेव' लिहिलं, तो फॉर्म परत आला.

वेटरच सांगत होता, तुमचा जोर वाढला की तिथल्या मास्लेनित्सा पुलावरून ट्रक न्यायला सरकारीच बंदी होते. आमचा ट्रकही थांबतो हो, पण खाजगीत. कागद नसतो.

म्हणून विनंती, की तुमच्या लेटरहेडवर एक सर्वसाधारण दाखला द्यावा : 'अमुक दिवशी हवामान होते.' खाली सही-शिक्का. चाकणच्या परचेसवाल्यांना परदेशी कागदाचं फार कौतुक आहे.

आपला,
भोसरीचा एक व्हेंडर

ता. क. : समक्ष येऊन खात्री करायची असेल तर गुरुवार टाळा. गुरुवारी आमच्या एमआयडीसीला सुट्टी असते. तुम्ही कितीही जोरात वाहिलात, तरी थांबवायला त्या दिवशी काही मिळणार नाही.