नववी घागर

आठ बिटचा टीव्ही गेम आमच्या मराठवाड्यात कॅसेटीला फुंकर मारून सुरू व्हायचा. वर ‘९९९९ इन १’ छापलेलं, आत त्याच त्या मारिओची सोंगं. त्या यंत्रासाठी आपणच गेम लिहायचा, असं मी या वयात मनावर घेतलं तेव्हा बायको म्हणाली, ‘‘काय करायलाव ओ हे?’’ ती नांदेडची. गोदाकाठची माणसं मोकळ्या हाताची, त्यांना हे काटकसरीचं खूळ उमजणं कठीणच.

निन्टेन्डोच्या १९८३ सालच्या ज्या यंत्राची ही नक्कल, त्याची कामाची मेमरी २ किलोबाइट. पुण्याचा प्रोग्रामर इथे रडेल. आम्ही लातूरकर मांडी ठोकून बसतो. नळाला कित्येक दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात भाजी धुतलेलं पाणी फरशीला आणि फरशीचं झाडाला, हे वेगळं शिकावं लागत नाही. सुरुवातीला शीर्षकाची उघडझाप मोजलेला बाइट पुढे शत्रूच्या आयुष्याला वापरायचा, झालं. जपान्यांनीही हेच केलंय. सुपर मारिओतला ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र, फक्त रंग वेगळा.

लिहायचं असेंब्लीत, लॅपटॉपवर एम्युलेटरात चालवून बघायचं, मगच कॅसेटीत भरायचं. चिपला गुणाकार येत नाही, भागाकारही नाही. लातूर पॅटर्नच्या गावात हे मोठ्याने बोलायचीसुद्धा चोरी. चिपची मोजणी २५५ ला संपते, पुढे पुन्हा शून्य. पडद्याची रुंदी नेमकी २५६ ठिपके, त्यामुळे उजवीकडून बाहेर पडलेला नायक डावीकडून निमूट आत येतो.

गेमचं नाव ‘जलदूत’. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली रेल्वे. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. ती सोपी गेली, एक वाघीण काढली आणि दहादा छापली. घोडं अडलं टँकरच्या रांगेत. हलती चित्रं पडद्यावर ६४ मिळतात, पण एका आडव्या ओळीत आठच. नववी बाई घागरीसकट गायब! (त्याच वर्षी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लागलं होतं, पाचाच्या वर माणूस नको. त्या मानाने यंत्र दिलदार.)

यावर जुना तोडगा आहे. चित्रांची यादी दर फ्रेमला फिरवायची, म्हणजे आत्ता ही गायब, पुढच्या खेपेला ती. आपल्या टीव्हीवर हे सेकंदाला ५० वेळा होतं. सगळ्याच बाया लुकलुकतात, पण कायमची कोणी जात नाही. शेजारच्या काकूंना मी हे कौतुकानं दाखवलं.

‘‘यात नवीन काय हाय?’’ काकू म्हणाल्या. ‘‘आमच्या गल्लीत बी पाळीच असती. पर नगरसेवकाच्या घरची कधी लुकलुकली का, सांग.’’

मग मला सांगावंच लागलं, की यादीतलं शून्य नंबरचं चित्र कोणीच फिरवत नाही. पडदा कुठून सरकवायचा हे त्याच्यावरून ठरतं, म्हणून त्याची पहिली जागा कायमची राखीव.

‘‘बघ,’’ काकू म्हणाल्या, ‘‘जपानात बी हाय.’’