बाप-लेक की भाऊ-भाऊ?

लाइट गेली की आमच्या देवगाव फाट्यावर दोनच गोष्टी चालू राहतात. एक, रस्त्यावरचे ट्रक. दुसरं, तुराट्यांच्या कुडापलीकडच्या मावशींचं तोंड.

"बाई, झोपल्या का?"

"नाही हो. दक्षिणेला बघा, कडुलिंबाच्या शेंड्यावर. तो नरतुरंग. त्यात एक जोडी आहे, दोनशेक प्रकाशवर्षं लांब."

"मला तर काहीच दिसंना."

"नुसत्या डोळ्यांनी कुणालाच दिसत नाही. थोरला तपकिरी बटू. तारा व्हायला निघाला, पण वजन कमी पडलं. पोटातला हायड्रोजन पेटलाच नाही."

"म्हंजी वल्या सरपणाची चूल!"

हे मला सुचायला हवं होतं.

"अन् धाकला?"

"तो ग्रह, आपल्या गुरूच्या पाचेक पट वजनाचा. २००४ च्या एप्रिलात चिलीतल्या पारानाल डोंगरावरच्या ८.२ मीटर आरशाच्या दुर्बिणीनं त्याला टिपलं. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाचा पहिला फोटो तोच."

"त्याच्या आधी कामून निघाला नाही?"

तेवढ्यात ट्रक आला. "त्या हेडलाइटाला चिकटून काजवा बसला तर दिसेल का? इथं थोरलाच मिणमिणता, म्हणून धाकटा दिसला. तोही अवरक्त किरणांत. उतरवलेला तवा काळाच दिसतो, पण झळ लागते ना? ती झळ टिपली. वय जेमतेम एक कोटी वर्षं, जन्माची ऊब अजून अंगात आहे."

"पर एका वाटंवर दिसले म्हणून काय एका घरचे झाले?"

"हीच शंका तेव्हाही निघाली. वर्षभरानं परत बघितलं, तर दोघं आभाळात जोडीनंच सरकलेले."

"मग बाप-लेक!"

"तिथंच तर वाद आहे. आपला सूर्य गुरूच्या हजारपट भारी. इथं थोरला पंचवीसेक गुरूंएवढा, धाकटा पाच. बाप-लेकात एवढाच फरक? एकाच ढगातून दोघं निपजले असावेत, असं बऱ्याच जणांना वाटतं."

"नाव काय त्याचं?"

"टू-एम १२०७ बी."

"हे तं एमएच २२ वाणी झालं! बारसं नाही केलं?"

"याचं नाही. दुसऱ्या एका ग्रहाचं नाव २०१९ मध्ये भारतानं ठेवलं, संतमस."

लाइट आली. मावशी पदर झटकून उठल्या.

"भाऊच हायत मग. लेक असता तर बापानं नाव ठिवलं नसतं का?"