बुडीत सिनेमांचे वकील

प्रत्येक मित्रमंडळात बुडीत सिनेमांचा एक वकील असतो. फी घेत नाही, पुढची तारीख मागत नाही आणि समोरचा "बरं, पटलं" म्हणाला तरी युक्तिवाद थांबवत नाही. त्यातही हिंजवडीत नेटवर्क सांभाळता सांभाळता ज्यांचे केस पांढरे झाले, ते वकील जास्त चिवट. त्यांचा अशील ठरलेला : मायकेल मान यांचा २०१५चा 'ब्लॅकहॅट'. ७ कोटी डॉलर खर्चून काढला, जगभरातून २ कोटीसुद्धा सुटले नाहीत. वकीलसाहेबांच्या लेखी सिनेमा थोर असल्याचा हाच पहिला पुरावा.

सुरुवात "मानचा 'हीट' बघितलायस ना?" अशी होते. बघितलाय म्हणालात तर "मग हा कळायलाच हवा." नाही म्हणालात तर "मग राहू दे." आणि राहू काही देत नाहीत, लॅपटॉप टीव्हीला जोडतात.

कॅमेरा थेट चिपच्या पोटात शिरतो, दिवे पळतात, घरच्यांना वाटतं स्क्रीनसेव्हर लागलाय. मग हाँगकाँगच्या अणुवीज केंद्रातले थंडाव्याचे पंप बिघडतात. इथे वकीलसाहेब सिनेमा थांबवून २०१० साली उघडकीला आलेल्या स्टक्सनेट या संगणकी किड्यावर बोलतात : इराणमधल्या नतान्झची सेंट्रिफ्यूज यंत्रं आतून बिघडत होती आणि पडद्यावर सगळं आलबेल दिसत होतं! खरं आहे ते. आणि इतर सिनेमांतला हॅकर दहा बोटं बडवून 'मी आत शिरलो' ओरडतो, तसा पोरकटपणा इथे नाही, हेही खरं. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेतल्या अधिकाऱ्याला साहेबाच्या नावाने मेल येतो, सोबत पासवर्ड बदलायला सांगणारी पीडीएफ. तो इमानेइतबारे बदलतो आणि टाइप करता करताच पासवर्ड चोरीला जातो. "हे असंच होतं! माणूसच फुटतो, मशीन नाही!" वकीलसाहेबांचा आवाज चढतो. तेवढ्यात आतून वडील विचारतात, "अरे, लाइट बिल थकलंय म्हणून मेसेज आलाय. लिंक उघडू का?"

"थांबा हो बाबा, सीन महत्त्वाचा आहे."

खलनायकाचं मात्र कौतुक करावंच लागेल. त्याला जग बुडवायचं नाही, त्याला कथील हवंय. आधी शिकागोच्या बाजारात सोयाबीनचे भाव फुगवून भांडवल उभं करतो, मग मलेशियातल्या कथलाच्या खाणी पाण्याखाली घालून भाव चढवायचा बेत. अणुकेंद्रातला स्फोट ही पंप बिघडवण्याची रंगीत तालीम! कल्पना झकास आहे. पण ती कळेपर्यंत प्रेक्षक जांभया देऊन थकलेला असतो आणि कथील म्हटल्यावर त्याला कल्हईवाला आठवतो.

आता उलटतपासणी. तुरुंगातून बाहेर काढलेला हॅकर म्हणून क्रिस हेम्सवर्थ? "तुरुंगात व्यायामाला वेळ मिळतो," असं म्हणताना वकीलसाहेब स्वतःचं पोट आत घेतात. नायिका तांग वेईशी प्रेम एवढ्या घाईत कसं? "संकटात जुळतं." संवाद पुटपुटल्यासारखे का? "खरी माणसं अशीच बोलतात." जकार्तात शेवटी मिरवणुकीच्या भर गर्दीत, अंगाला मासिकं बांधून, स्क्रूड्रायव्हरने मारामारी? इथे त्यांचा चेहरा उजळतो : "हार्डवेअरवाला आणखी काय वापरणार?"

२०१६ साली ब्रुकलिनमध्ये मान यांनी सिनेमा नव्याने जुळवून दाखवला. अणुकेंद्राचा प्रसंग आरंभातून उचलून पुढे नेला. वकीलसाहेब त्या आवृत्तीची शपथ घेतात. ती पाहिलीय का, हे विचारू नये. पुढे मान यांनीच सांगून टाकलं की पटकथा चित्रीकरणासाठी तयार नव्हती, जबाबदारी आपली. अशील गुन्हा कबूल करून घरी गेला, तरी आमच्या वकीलसाहेबांचं अपील चालूच!

आमचा निकाल असा : हाँगकाँगच्या रात्री मान यांच्यासारख्या फार थोड्यांनी टिपल्या असतील आणि कंटेनरांच्या मधला गोळीबार कानठळ्या बसवतो. तेवढ्यासाठी 'ब्लॅकहॅट' एकदा जरूर पाहा, आवाज मोठा ठेवून. प्रेमप्रकरण आलं की चहा टाकायला उठलात तरी चालेल. वकीलसाहेबांना मात्र बोलावू नका. कोण कोण मरणार, ते पहिल्या दहा मिनिटांतच सांगून मोकळे होतात.